उरलेले ओठ

आमच्या स्टुडिओत तिला कुणी बाई म्हणत नाही, ताई म्हणत नाही, मॅडम तर नाहीच. वय चोपन्न, डोळ्यांवर जाड चष्मा, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे, आणि हाक काय, तर बारक्या. कारण सव्वीस वर्षं ती मुलग्यांचेच आवाज काढत आली आहे. परदेशी सिनेमातला खोडकर धाकटा भाऊ, जाहिरातीत चिखलात लोळणारा पोरगा, एकदा तर एका गोगलगाईचा नातू. खऱ्या मुलांकडून काम करून घ्यायची हौस आम्हीही एकदा भागवून घेतली. पहिल्या भागाला किणकिणत आलेला पोरगा सहाव्या भागाला आला तो घोगरा होऊन. तेव्हापासून सगळे मुलगे बारक्याकडेच जातात.

मी ध्वनिमुद्रक. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मलाही टोपणनाव आहे, एकअजून. टेक कितीही चांगला झाला तरी बोलायचं बटण दाबून 'एक अजून' म्हणायची मला खोड आहे. जित्याची खोड, ती काही जात नाही. "पहिला घास भरवला तेव्हाच हा 'एक अजून' म्हणाला असणार," असं बारक्या सगळ्यांना सांगायची. मी चिडायचो आणि मुद्दाम तिच्याकडून आणखी दोन टेक घ्यायचो.

ती यायची ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. घड्याळ काढायची, कानातलं काढायची, एक केळं खायची, कारण रिकामं पोट गुरगुरतं आणि आमचा माइक ते इमानदारीने टिपतो. मग उशी पोटाशी धरून उभी राहायची. उशी म्हणजे कपड्यांची सळसळ दाबायला, असं ती सांगायची. मला वाटतं, पोरगा व्हायला तिला काहीतरी छातीशी धरायला लागायचं.

आता आमच्या धंद्यातली एक अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. मूळ भाषेतलं वाक्य लांब असतं, आपलं आटोपशीर. पडद्यावरच्या पात्राचे ओठ हलत राहतात आणि आपला आवाज संपलेला असतो. त्याला आम्ही 'ओठ उरले' म्हणतो. उरलेल्या ओठांवर काहीतरी घालावंच लागतं, नाहीतर पात्र मुकं बडबडताना दिसतं. प्रत्येक कलाकाराची त्यासाठी ठेवणीतली भर असते. कुणी 'अरे' घालतो, कुणी 'म्हणजे काय', खलनायकांचे आवाज काढणारे आमचे एक जाडे गृहस्थ नुसतंच 'हं, हं' करतात. बारक्या घालायची 'आई'. "आई, केवढं उंच आहे!" "थांब ना... आई!" हा शब्द कुठल्याही ओठांवर चपखल बसतो. पोरं दिवसातून पन्नासदा आईच्या नावाने ओरडतातच, त्यामुळे त्यात वावगं कुणालाच वाटलं नाही. माशी शिंकली तरी टेक रद्द करणारा मी, सव्वीस वर्षांत माझ्याही ते लक्षात आलं नाही.

मग ती जपानी मालिका आली. मी तिला कार्टून म्हणालो तर आमच्या दिग्दर्शिका मॅडम म्हणाल्या, "ॲनिमे म्हणा. पोरं ऐकतील तर खातील तुम्हाला." असल्या गोष्टी मला पटत नाहीत. चांगलं घरदार असलेली मुलं धाडकन दुसऱ्या जगात जाऊन पडतात, तिथे त्यांना तलवारी मिळतात, आणि गृहपाठ कुणी विचारत नाही. पण ही मालिका जरा निराळी निघाली. शाळेतून परतणारी चार मुलं इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरतात आणि दार उघडतं ते एका अफाट माळावर. मुलं अगदी साधी. एक दमेकरी मुलगी, एक वर्गाची मॉनिटर, एक दुसऱ्याच्या वहीत डोकावून पास होणारा जाड्या, आणि एक असा मुलगा की ज्याचं नाव शिक्षकांनाही आठवत नाही. हा चौथा बारक्याचा.

त्या जगात जादू म्हणाल तर एकच. जे मनापासून हाक मारून बोलवाल, ते येतं. दमेकरी मुलगी पंप हवा म्हणून ओरडते, पंप हातात येतो. मॉनिटर बाबांना हाक मारते, तर बाबा येतात, बनियनवर, गालाला दाढीचा फेस, हातात वस्तरा. क्षणभर मुलीकडे बघतात आणि विरून जातात. आम्ही हसत हसत रेकॉर्ड केलं ते आणि शेवटी कुणीच हसेना. बारक्याचा मुलगा इतरांसाठी पाणी बोलवायचा, शिडी बोलवायचा, विस्तव बोलवायचा. स्वतःसाठी कुणालाच नाही.

भाग आम्हाला एकेक करून मिळायचे. गोष्ट आधीच फुटू नये म्हणून कंपनी पुढचा भाग कुलपात ठेवते, मागचा झाला की मगच देते. शेवट मॅडमना माहीत नाही, मला नाही, भाषांतर करणाऱ्या मास्तरांना नाही आणि बारक्याला नाही. अठरा भाग झाले. प्रसारण अजून सुरू व्हायचं होतं.

एकोणिसाव्या भागाची संहिता घेऊन सोमवारी मास्तर स्वतः आले. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, एरवी घरबसल्या पाठवून देतात, पण त्या दिवशी तीन जिने चढून आले होते आणि खुर्चीत बसायच्या आधीच कागद काढत होते. "घोटाळा झालाय," म्हणाले, आणि वाचून दाखवलं.

जाड्या त्या मुलाला विचारतो, तू कधीच कुणाला का बोलावत नाहीस? मुलगा म्हणतो, "माझी आई गेली, त्याला दोन वर्षं झाली. मी इथे तिला हाक मारली आणि ती आली नाही, तर? म्हणून आजपर्यंत तो शब्दच मी इथे तोंडातून काढला नव्हता." मग बाकीचे तिघं त्याच्याजवळ उभे राहतात, आणि तो माळाकडे तोंड करून एकदाच हाक मारतो.

बारक्याने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसत बसली. स्वच्छ झाला तरी पुसत होती.

"पण आपण तर काढलाय तो शब्द," मॅडम म्हणाल्या. "किती वेळा काढलाय?"

संध्याकाळपर्यंत आम्ही अठराही भाग पळवत पळवत ऐकले. एक्केचाळीस वेळा. ज्या मुलाने तो शब्द जिवापाड राखला होता, त्याने आपल्या भाषेत त्याची खिरापत वाटली होती. मालिका दाखवणाऱ्या वाहिनीच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मॅडमनी खरं ते सांगून टाकलं, आणि साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. शुक्रवारी सहापर्यंत एक्केचाळीस जागा साफ व्हायला हव्यात आणि एकोणिसाव्या भागातली हाक त्यांना पसंत पडायला हवी. नाहीतर एक तेवीस वर्षांची नवी मुलगी त्यांच्या मनात भरलेलीच होती. सगळे भाग तिच्या आवाजात पुन्हा.

बारक्या ते ऐकून नुसतं "बरं" म्हणाली. पण तिला कळत होतं, मलाही कळत होतं. गेल्या वर्षभरात तिचा वरचा सूर विरायला लागला होता. लोक तिला आजीबाईंच्या आवाजासाठी बोलवायला लागले होते आणि ती दर वेळी काहीतरी निमित्त काढून टाळत होती. हा मुलगा हातचा गेला असता, तर दुसरा मुलगा तिला कुणी दिला नसता.

मंगळवारी कामाला लागलो. पहिल्याच जागेला भांडण.

"आईशप्पथ पण काढायचं?" तिने विचारलं.

"त्यात आई आहे ना?"

"अरे, ती शपथ आहे! तिला कुणी बोलावतंय का त्यात?"

"आणि 'आई गं' काय आहे?"

"ठेच लागल्यावर म्हणतात ते. तू काय म्हणतोस, 'बाबा हो'?"

मॅडम हसल्या, पण सगळंच काढायचं ठरलं. त्या जागी कुठे 'अरे', कुठे 'थांबा', कुठे नुसता श्वास. दोन दिवस ती निमूट करत होती. एकेका जागेवर मूळ मुलगा काय करतो ते बघायची, ओठ मोजायची, नवा शब्द बेतून घालायची. इतकी वर्षं हे काम करून माझं हृदय दगडाचं झालं आहे, तरी तिच्याकडे बघवत नव्हतं. घरातून एकेक भांडं उचलून बाहेर ठेवत गेल्यासारखी ती करत होती.

सत्ताविसाव्या जागेला गाडं अडलं. मुलगा भिंतीवरून पडतो. मुळात तो फक्त दचकून श्वास घेतो. बारक्या म्हणाली, "आई गं!" पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिने स्वतःच्या मांडीवर चापट मारली. आणि मी, मूर्ख, बटण दाबून ओरडलो, "अगं, तोंडाला कुलूप लाव ना! साधा एक शब्द गिळता येत नाही तुला?"

काचेपलीकडे तिने उशी पोटाशी घट्ट धरली. मग म्हणाली, "एक्केचाळीस वेळा हाक मारली रे मी. एकदा तरी यायला पाहिजे होती."

मला वाटलं, ती त्या मालिकेतल्या पोराबद्दल बोलतेय.

गुरुवारी दुपारी तिची ताई आली. या दोघी बहिणी एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात, त्यामुळे दोघींच्या कपड्यांना कायम गरम इस्त्रीचा वास. धाकटी गळ्याचं औषध विसरली म्हणून बासष्ट वर्षांची मोठी ते पोचवायला आली होती. आत मॅडम बारक्याला पुढची जागा समजावत होत्या, म्हणून मी बाहेर येऊन जिन्यातच औषध घेतलं आणि सहज म्हणालो, "तुमच्या बहिणीच्या तोंडून 'आई' काही सुटत नाही."

ताई जिन्याच्या पायरीवर बसल्याच.

"घरी तर कधीच म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "ती नऊ वर्षांची होती, मी सतरा. आईला दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांत ती गेली. बाबा म्हणाले, धाकटीला एवढ्यात सांगू नका. मग मीच सांगितलं, आई दुसऱ्या गावाला गेलीय, मोठ्या डॉक्टरकडे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष गेलं. ती रोज शाळेतून आली की खिडकीत उभी राहून हाका मारायची. रस्ता वळतो ना, तिकडे बघून. शेजारीपाजारी वैतागले. एक दिवस माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, ओरडू नकोस, येणार नाही ती, मेलीय. तेव्हापासून तिने तो शब्द टाकला. विषय निघालाच तर 'ती' म्हणते. 'ती असं करायची, ती तसं करायची.'"

"इथे तर रोज म्हणते हो."

"म्हणते ना, पोरांच्या आवाजात. मला ठाऊक आहे. उगाच का मी ती कार्टूनं बघत बसते?"

औषधाची बाटली घेऊन मी आत वळलो. चुलत्यामालत्यांची चौकशी करणारा माणूस मी, सव्वीस वर्षांत हिला कधी विचारलं नव्हतं, तुझी आई काय करते म्हणून.

शुक्रवारी चारपर्यंत सगळ्या जागा साफ झाल्या. मग ती हाक. पडद्यावर मुलाचं तोंड एकदाच उघडतं, जेमतेम सेकंदभर. नंतर नऊ सेकंद नुसता रिकामा माळ. कुणीच येत नाही. मग गवत हलतं, आणि चौघं चालू लागतात.

बारक्याने चौदा टेक दिले. सगळे ओठांवर बरोबर, सगळे मुलाचे, आणि एकातही जीव नाही. मॅडम बिचाऱ्या समजावून थकल्या. "आवाज नकोय मला, हाक हवीय," त्या म्हणाल्या. बाहेर बाकावर ती तेवीस वर्षांची मुलगी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेली. तिचाही काही दोष नव्हता, तिला बोलावलं म्हणून ती आली होती. साडेपाचला साहेबांचा फोन आला आणि मॅडम तो घ्यायला बाहेर गेल्या.

आत आम्ही दोघंच. मी बटण दाबलं. जे मनात होतं तेच बोललो. "काल ताई भेटल्या होत्या जिन्यात."

"काय म्हणाली?"

"खिडकीचं सांगितलं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कानावरचे हेडफोन काढून स्टँडवर अडकवले. उशी खाली ठेवली. म्हणाली, "चित्र बंद कर. नुसता लाल दिवा लाव."

मी लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. तिने हाक मारली.

तो त्या मुलाचा आवाज नव्हता. चोपन्न वर्षांच्या बाईचाही नव्हता. एक नऊ वर्षांची मुलगी खिडकीत टाचा उंचावून रस्त्याच्या वळणापर्यंत पोचेल अशी हाक मारत होती. ती सेकंदात कुठली मावायला? लांबच लांब गेली, मध्ये चिरकली, पुन्हा वर चढली आणि संपली. संपल्यावर बारक्याने मान वळवली आणि ती खोलीच्या दाराकडे बघत राहिली. आमचं ते जाड, कापूस भरलेलं दार. ती खरोखर बघत होती, उघडतंय का ते. मलाही क्षणभर वाटलं, उघडेल. आणि माझा अंगठा आपल्या सवयीने बटणावर गेला.

"एक अजून," मी म्हणालो.

हे शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर माझी सगळी नोकरी दिली असती. ती वळली. चिडलेली नव्हती, रडतही नव्हती. "हो," म्हणाली, रोज म्हणते तशीच. हेडफोन चढवले, उशी उचलली, चित्र लावायला सांगितलं आणि मुलाच्या आवाजात हाक दिली. आखूड, ओठांवर अचूक, किंचित थरथरलेली. तेवढ्यात मॅडम दार उघडून आत आल्या, त्यांनी ती ऐकली आणि टाळीच वाजवली. "हीच! हीच हवी होती मला!" फोनवर साहेबांनाही ऐकवली. पसंत पडली. बाकावरच्या मुलीला चहा पाजून घरी पाठवलं.

मॅडम गेल्यावर बारक्या काचेच्या अलीकडे आली. "आधीचा टेक आहे का रे?"

"आहे."

"पूस."

"अगं, राहू दे की."

"ओठांवर नव्हता तो," ती म्हणाली. "पूस माझ्यादेखत."

मी पुसला. ती पडद्यावर बघत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझी खोडच आहे ती. तू तरी काय करणार?" आणि घड्याळ मनगटावर चढवून गेली. त्यापेक्षा तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मालिका चांगली चालली. त्या हाकेबद्दल मुलांची पत्रं आली, मॅडमनी ती भिंतीला लावली. बारक्या त्यांच्याखाली उभी राहून केळं खायची, पण वाचताना मी तिला पाहिलं नाही. एकदा रस्त्यात ताई भेटल्या. मी विचारलं, बघितलीत ना मालिका? त्या म्हणाल्या, "बघितली. सगळे भाग कान देऊन बसले, तेव्हा एकदाच ती हाक ऐकू आली." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, आधीच बरं होतं."

आता नवं काम चालू आहे. पुन्हा शाळकरी मुलगा, पुन्हा बारक्या. याची आई धडधाकट आहे, दर भागात त्याला ओरडते. संहितेत 'आई' लिहिलेलं असेल तिथे बारक्या नेमकं म्हणते, ना कमी ना जास्त. पण वाक्य संपतं, मुलाचे ओठ हलत राहतात, आणि ती नुसती उशी धरून उभी असते. 'अरे' नाही, 'थांब' नाही, काहीच नाही.

परवा मी बटण दाबून म्हणालो, "बारक्या, ओठ उरलेत."

"उरू देत," ती म्हणाली.

अंगठा अजून बटणावरच होता. तो मी उचलला आणि पुढचं वाक्य लावलं.